शेवटच्या नांवाचें मोल

फुटबॉल हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें पायानें खेळावयाचा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ह्याच नांवाचा एक अगदीं निराळा खेळ लोकप्रिय आहे. त्यांतील चेंडू लांबट असून त्याचीं दोन्ही टोंकें निमुळतीं असतात. तो हातांत धरून धांवतात, हातानें फेकतात व हातानेंच झेलतात. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर उतरतात. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यास चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. तें न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडूसह शेवटच्या रेषेपलीकडे पोंचणें ह्यास टचडाउन म्हणतात. चढाई करणाऱ्या पक्षाचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे फेकावा ह्याचा निर्णय त्यास दोन-तीन क्षणांत करावा लागतो.

एवढी ओळख करून घेतल्यावर आजच्या पाठाच्या मुख्य विषयाकडे वळूं. हा पाठ खेळाच्या नियमांविषयीं नसून खेळाडूंच्या निवडीविषयीं आहे. आणि त्यांतही जे गुणी खेळाडू निवडणाऱ्यांच्या नजरेंतून सुटतात, त्यांच्याविषयीं आहे. ते कां सुटतात आणि कोणाला सांपडतात, हें समजून घेणें सर्वांस उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. कारण निवड करण्याचा किंवा निवडले जाण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या आयुष्यांत येतोच.

ह्या खेळाच्या धंदेवाईक संघांची मुख्य संघटना नॅशनल फुटबॉल लीग ही होय. ती १९२० सालीं स्थापन झाली व आज तिच्यांत ३२ संघ आहेत. आरंभीं अशी रीत होती कीं, कॉलेजांतून बाहेर पडणारा नामांकित खेळाडू जो संघ अधिक पैसा देईल त्याच्याकडे जाई. त्यामुळें श्रीमंत संघ अधिक बलवान आणि दुबळे संघ अधिक दुबळे होत चालले. फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल ह्यांनीं १९३५ सालीं ह्यावर एक तोड सुचविली. दर वर्षीं सर्व संघांनीं एकत्र बसावें. गेल्या हंगामांत जो संघ सर्वांत मागें राहिला असेल त्यानें पहिलें नांव घ्यावें, विजेत्यानें शेवटचें. आणि मग पुढच्या फेऱ्या ह्याच धोरणानें चालाव्या. ह्या पाळीपाळीच्या निवडीस तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. त्या वेळीं बेल ह्यांचा स्वतःचा संघच तळाशीं होता, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

पहिली निवड ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं फिलाडेल्फियांतील एका हॉटेलांत झाली. ९ संघांनीं ९ फेऱ्यांत मिळून ८१ नांवें घेतलीं. सर्वांत पहिलें नांव शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर ह्याचें होतें. हा त्या वर्षींचा सर्वोत्तम कॉलेज-खेळाडू ठरलेला होता. पण तो धंदेवाईक खेळांत कधीं उतरलाच नाहीं! यादीच्या शिरोभागीं असलेलें नांव मैदानावर दिसेलच असें नाहीं, हें अशा रीतीनें पहिल्याच वर्षीं सिद्ध झालें.

आज ही निवड एप्रिल महिन्यांत सात फेऱ्यांत होते. ३२ संघांच्या सात पाळ्या म्हणजे २२४ नांवें. शिवाय ज्या संघांचे गडी दुसरीकडे गेले, त्यांस भरपाईदाखल कांहीं जादा पाळ्या मिळतात, म्हणून एकंदर संख्या अडीचशेंच्या घरांत जाते. आपल्याकडे २००८ सालापासून क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगसाठीं खेळाडूंचा लिलाव होतो, तो वाचकांस ठाऊक आहे. तेथें पैशाची बोली लागते. ड्राफ्टमध्यें बोली नसून केवळ पाळी असते. ज्याचें नांव सात फेऱ्यांत निघत नाहीं त्यास कोणत्याही संघाकडे जाण्याची मोकळीक असते. पण ती मोकळीक बहुधा रिकाम्या हातांची असते.

निवडीपूर्वीं उमेदवारांची कसून तपासणी होते. १९८७ सालापासून इंडियानापोलिस शहरीं तीनशेंहून अधिक तरुणांस एकत्र बोलावून त्यांची उंची, वजन, हाताची लांबी व पंजाचा विस्तार मोजतात. ४० यार्ड, म्हणजे सुमारें साडेछत्तीस मीटर, धांवण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत टिपतात. उताणें निजून २२५ पौंडांचें, म्हणजे सुमारें १०२ किलोचें, वजन किती वेळां उचलतां येतें तें पाहतात. हीं मापें निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याला चपळ गड्याचा पाठलाग करावयाचा आहे, त्याच्या पायांत वेग हवाच. पण मोजपट्टीचा एक स्वभाव आहे. जें मोजतां येतें तेंच महत्त्वाचें, असें ती मोजणाऱ्यास हळूहळू पटवून देते. इतका खटाटोप होऊनही दर वर्षीं कांहीं उत्तम गडी सुटतात. त्याचीं कारणें शोधूं लागल्यास तीं पुनः पुनः तींच आढळतात. त्यांपैकीं चार कारणें आपण क्रमानें पाहूं.

पहिलें कारण हें कीं, माप बरोबर असलें तरी तें भलत्याच गोष्टीचें असतें. टॉम ब्रेडी हा मिशिगन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. २००० सालच्या निवडीपूर्वींच्या तपासणींत ४० यार्ड धांवण्यास त्यास ५.२८ सेकंद लागले. ही गति मंदच म्हटली पाहिजे. देह सडपातळ, उडीही बेताची. निवडीच्या वेळीं त्याच्या आधीं सहा क्वार्टरबॅकांचीं नांवें घेतलीं गेलीं. अखेर सहाव्या फेरींत, १९९ व्या क्रमांकावर, न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघानें त्यास घेतलें. २००१ सालीं त्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला आणि ब्रेडीस मैदान मिळालें. पुढें २०२३ सालीं त्यानें कायमची निवृत्ति घेतली, तेव्हां हंगामाच्या अखेरच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत, ज्यास सुपर बोल म्हणतात त्यांत, त्याच्या नांवावर सात विजय जमा होते. तोंपर्यंत कोणत्याही एका संघानेंसुद्धां इतके सुपर बोल जिंकलेले नव्हते. घड्याळ चुकलें होतें काय? नाहीं. पण क्वार्टरबॅकचें मुख्य काम धांवणें हें नव्हे. अंगावर येणारे गडी पाहून प्रतिपक्षाचा बेत ओळखणें, आपला कोणता सोबती मोकळा होणार हें आधींच हेरणें आणि चेंडू नेमक्या जागीं पोंचविणें हें त्याचें काम. घड्याळानें उत्तर खरें दिलें, परंतु त्यास विचारलेला प्रश्न दुय्यम होता.

दुसरें कारण असें कीं, ज्यास खेळण्याची संधीच थोडी मिळाली, त्याचे गुण दिसण्यासही जागा राहत नाहीं. जॉनी युनायटस ह्यास १९५५ सालीं पिट्सबर्गच्या स्टीलर्स संघानें नवव्या फेरींत घेतलें, पण हंगाम सुरू होण्यापूर्वींच घरीं पाठविलें. त्यानें बांधकामावर मजुरी केली आणि ब्लूमफील्ड रॅम्स नांवाच्या एका स्थानिक संघांत सामन्यामागें सहा डॉलर घेऊन तो खेळत राहिला. पुढच्या वर्षीं बाल्टिमोरच्या कोल्ट्स संघानें त्यास बोलाविलें. २८ डिसेंबर १९५८ रोजीं न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर त्याच्या नेतृत्वाखालीं कोल्ट्सनीं जादा वेळेंत २३–१७ असा विजय मिळवून अजिंक्यपद पटकाविलें. तो सामना ह्या खेळाच्या इतिहासांतील अत्यंत प्रसिद्ध सामन्यांपैकीं एक समजला जातो.

कर्ट वॉर्नर ह्याची हकीकत ह्याहूनही कठीण आहे. आयोवा संस्थानांतील नॉर्दर्न आयोवा विद्यापीठांत त्यास मुख्य क्वार्टरबॅकची जागा केवळ शेवटच्या वर्षीं मिळाली. १९९४ सालीं कोणत्याही संघानें त्याचें नांव घेतलें नाहीं. एका संघानें सरावास बोलावून परत पाठविलें. मग त्यानें सीडर फॉल्स गांवीं वाणसामानाच्या एका मोठ्या दुकानांत तासाला साडेपांच डॉलर मजुरीवर रात्रपाळीस फळ्यांवर माल रचण्याचें काम धरलें. पुढें तो छपराखालच्या लहान मैदानावर खेळणाऱ्या संघांत तीन वर्षें खेळला, त्यानंतर एक हंगाम युरोपांत ॲम्स्टरडॅम येथें. १९९९ सालीं सेंट लुईसच्या रॅम्स संघाचा मुख्य क्वार्टरबॅक सरावाच्या सामन्यांत जखमी झाला, तेव्हां अठ्ठावीस वर्षांच्या ह्या अपरिचित माणसास पुढें करण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. त्या हंगामांत त्याच्या फेकींवर ४१ टचडाउन झाले आणि ३० जानेवारी २००० रोजीं रॅम्सनीं सुपर बोल २३–१६ असा जिंकला.

येथें एक योगायोग लक्षांत घेण्याजोगा आहे. ३ फेब्रुवारी २००२ रोजीं सुपर बोलमध्यें एका पक्षाचा सूत्रधार वॉर्नर होता आणि दुसऱ्याचा ब्रेडी. म्हणजे ज्याचें नांव कोणींच घेतलें नाहीं तो, आणि ज्याच्या आधीं १९८ नांवें घेतलीं गेलीं तो, असे दोघे त्या देशांतील सर्वांत मोठ्या सामन्यांत समोरासमोर उभे होते. ब्रेडीच्या संघानें तो सामना २०–१७ असा जिंकला.

तिसरें कारण सर्वांत गंभीर आहे. कित्येक खेळाडू सुटतात ते नजर अपुरी पडते म्हणून नव्हे. तिकडे पाहावयाचेंच नाहीं असें ठरलेलें असतें म्हणून. १९३४ ते १९४५ ह्या बारा हंगामांत एकाही कृष्णवर्णी खेळाडूस ह्या संघटनेच्या मैदानावर पाय ठेवूं दिला गेला नाहीं. केनी वॉशिंग्टन हा लॉस एंजलिसच्या विद्यापीठाचा खेळाडू १९३९ सालीं कॉलेज-खेळाडूंत देशांत अग्रगण्य होता. तरीही निवडीच्या यादींत त्याचें नांव निघालें नाहीं. पुढें रॅम्स संघ लॉस एंजलिसला आला. तेथील सार्वजनिक मैदान वापरावयाचें तर रंगभेद सोडावा लागेल, अशी मागणी कृष्णवर्णी पत्रकारांनीं लावून धरली, आणि १९४६ सालीं वॉशिंग्टनला संघांत जागा मिळाली. परंतु तोंपर्यंत त्याचीं उमेदीचीं वर्षें सरलीं होतीं आणि गुडघे दुखावले होते. तीन हंगाम खेळून तो निवृत्त झाला. त्याची उणीव शोधूं गेल्यास ती त्याच्यांत सांपडत नाहीं. ती निवडणाऱ्यांत सांपडते.

दार उघडल्यावरही सवय लवकर सुटली नाहीं. दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णी विद्यार्थ्यांसाठीं निराळीं कॉलेजें होतीं, कारण इतर विद्यालयांचीं दारें त्यांस बंद होतीं. ह्या कॉलेजांचे सामने पाहण्यास फार थोडे पारखी जात. बिल नन हे ‘पिट्सबर्ग कुरियर’ ह्या कृष्णवर्णी समाजाच्या वृत्तपत्राचे क्रीडासंपादक. ते स्वतः ह्या कॉलेजांत हिंडत, सामने पाहत आणि दर वर्षीं तेथील सर्वोत्तम खेळाडूंची यादी छापीत. ज्या स्टीलर्स संघानें युनायटसला परत पाठविलें होतें, तो संघ त्यांच्याच गांवचा होता. १९३३ सालीं स्थापन होऊनही त्यास एकदांही अजिंक्यपद मिळालें नव्हतें. नन ह्यांची ह्या संघाविषयीं तक्रार होती, आणि ती ऐकून संघाच्या चालकांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली : तक्रार करणाऱ्यासच त्यांनीं पारखी म्हणून नेमलें.

ह्याचें फळ १९७४ सालच्या निवडींत दिसलें. अलाबामा ए अँड एम ह्या कॉलेजांत जॉन स्टॉलवर्थ नांवाचा एक झेलकरी होता. असें सांगतात कीं, निरनिराळ्या संघांचे पारखी त्याची धांव पाहण्यास गेले त्या दिवशीं जमीन ओली होती. त्याची वेळ वाईट आली आणि पारखी निघून गेले. नन ह्यांनीं प्रकृतीचें निमित्त करून मुक्काम वाढविला आणि कोरड्या जमिनीवर त्यास पुन्हां धांवावयास लाविलें. स्टॉलवर्थला स्टीलर्सनीं चौथ्या फेरींत घेतलें. त्याच वर्षीं साउथ कॅरोलायना स्टेट ह्या दुसऱ्या कृष्णवर्णी कॉलेजचा डॉनी शेल ह्याचें नांव कोणींही घेतलें नाहीं. त्यासही निवडीनंतर स्टीलर्सनींच आपल्याकडे ओढलें. त्या एका वर्षीं संघांत आलेल्या नव्या गड्यांपैकीं पांच जण, लिन स्वॉन, जॅक लॅम्बर्ट, माइक वेब्स्टर, स्टॉलवर्थ आणि शेल, पुढें ह्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत गेले. आणि ज्या संघास चाळीस वर्षें कांहींच मिळालें नव्हतें, त्यानें पुढील सहा हंगामांत चार सुपर बोल जिंकले. २०२१ सालीं स्वतः नन ह्यांसही मरणोत्तर कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. न्यायानें वागणाऱ्यास नेहमीं तोटाच सोसावा लागतो असें मानणाऱ्यांनीं हा इतिहास अवश्य वाचावा.

चौथें कारण असें कीं, खेळाडू निराळ्याच मैदानावर उभा असतो. अँटोनिओ गेट्स हा केंट स्टेट विद्यापीठांत बास्केटबॉल खेळत असे. कॉलेजांत तो फुटबॉल खेळलाच नाहीं. अर्थात् २००३ च्या निवडींत त्याचें नांव कोण घेणार? सॅन डिएगोच्या चार्जर्स संघानें मात्र असा विचार केला कीं, दाटीवाटींत अंग मध्यें घालून प्रतिपक्ष्यास अडवून धरणें आणि उंच आलेला चेंडू दोन हातांनीं खेंचून घेणें, ह्या दोन्ही गोष्टी बास्केटबॉलमध्येंही कराव्या लागतात. गेट्सनें २०१८ पर्यंत ११६ टचडाउन झेलले. ‘टाइट एंड’ ह्या त्याच्या जागेवरील गड्यांत तो विक्रम ठरला. २०२५ सालीं तो कीर्तिमंदिरांत दाखल झाला.

आतां शेवटच्या नांवाकडे येऊं. सातव्या फेरींत जें अखेरचें नांव निघतें, त्यास १९७६ सालापासून विनोदानें ‘बिनमहत्त्वाचे गृहस्थ’ अशा अर्थाची पदवी दिली जाते. कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बीच येथें त्याचा थट्टेचा सत्कार होतो आणि हातांतून चेंडू निसटत असलेल्या खेळाडूची लहानशी मूर्ति त्यास बक्षीस मिळते. २०२२ सालीं २६२ वें व अखेरचें नांव ब्रॉक पर्डी ह्याचें होतें. आयोवा स्टेट विद्यापीठाकडून तो चार वर्षें खेळला होता. पण उंची व फेकीचा जोर ह्यांत तो डोळ्यांत भरणारा नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टीनाइनर्स संघांत त्याच्यापुढें दोन क्वार्टरबॅक होते. त्यांतील एक आदल्या वर्षीं तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला. दोघेही जखमी झाले आणि डिसेंबर २०२२ मध्यें पर्डी मैदानावर आला. ११ फेब्रुवारी २०२४ रोजीं तो आपल्या संघाचा सूत्रधार म्हणून सुपर बोल खेळला. सामना जादा वेळेंत २५–२२ असा हातचा गेला. परंतु त्या दिवसानंतर त्यास बिनमहत्त्वाचा म्हणण्याचें कोणाच्याही मनांत आलें नसेल.

येथें वाचकांस सावध करणें आमचें कर्तव्य आहे. ह्या कथा वाचून कोणी असें समजूं नये कीं, मागें राहणें हाच एक गुण आहे. १९९८ सालीं पहिल्याच क्रमांकावर निवडलेला पेटन मॅनिंग हाही कीर्तिमंदिरांतच गेला. पारखी पुष्कळदां बरोबर असतात. ज्यांचें नांव निघालें नाहीं अशा असंख्य तरुणांनीं निमूटपणें दुसरा व्यवसाय धरला, आणि त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, यादी हा एका दिवशीं, एका मापानें, कांहीं माणसांनीं दिलेला अभिप्राय असतो. तो विचारांत घ्यावा. पण अखेरचा समजूं नये.

मग पुढच्या एप्रिलमध्यें जो संघ निवडीस बसेल, त्यानें दुर्लक्षित खेळाडू कसा शोधावा? वरील उदाहरणांवरून आमच्या मतें त्यानें चार प्रश्न विचारावे. ह्या गड्याच्या जागेचें मुख्य काम कोणतें, आणि आपण मोजलें तें त्याच कामाचें माप आहे काय? त्यास जेवढी संधि मिळाली तेवढींत त्यानें काय केलें? तो ज्या ठिकाणीं खेळतो तेथें आपला माणूस खरोखर जाऊन आला आहे काय, कीं दुसऱ्याच्या शब्दावर आपण विसंबलों आहों? आणि दुसऱ्या एखाद्या कामांत त्यानें दाखविलेला गुण आपल्या कामीं येईल काय? हे चार प्रश्न प्रामाणिकपणें विचारले, तर सहाव्या-सातव्या फेरींतही हाताला मोलाचें कांहीं लागण्याचा संभव आहे.

विद्यार्थिमित्रहो, हेच प्रश्न आपल्या वर्गांतही विचारतां येतील. परीक्षेचे गुण हें एक माप आहे, आणि तें अभ्यासाचें माप असल्यामुळें त्याचा अनादर करूं नये. पण तीन तासांच्या उत्तरपत्रिकेंत ज्याचा हात मंद चालतो, तोच मुलगा बिघडलेला पंप दुरुस्त करतो, लहान भावंडांस धीरानें शिकवितो किंवा नाटकांतील प्रत्येक पात्राचें भाषण ध्यानांत ठेवतो. पालकांस आमची विनंती आहे कीं, प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वीं, नन ह्यांनीं ओली जमीन वाळेपर्यंत वाट पाहिली, त्याचें स्मरण करावें. त्या दिवशीं जमीन ओली होती काय, हें एकदां विचारून पाहावें.

आणि ज्यांचें नांव अद्याप निघालें नाहीं, त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. युनायटसला कोल्ट्सचें बोलावणें आलें तेव्हां तो खेळत होता. वॉर्नरची पाळी आली तेव्हां त्याचा हात सरावलेला होता. ब्रेडी आणि पर्डी बांकावर बसूनही संघाचे सर्व डाव शिकून तयार होते. पाळी केव्हां येईल हें त्यांच्या हातीं नव्हतें. तयार राहणें मात्र त्यांच्या हातीं होतें, आणि तेवढें त्यांनीं केलें.